दोन जावांचं रक्त

सुचिता माझ्या लक्षात आली ती पंधरा ऑगस्टच्या लाडवावरून. तशी ती जुलैपासूनच वर्गात होती, हजेरी घेताना तिचं नाव मी रोज उच्चारत होते, पण ही मुलगी कोण ते त्या दिवशी कळलं. सौंसरच्या आमच्या शाळेत झेंडावंदन झालं, बुंदीचे लाडू वाटून झाले, मुलं घराकडे पळाली, आणि सहावीतली एक गोल चेहऱ्याची मुलगी लाडू हातात तसाच धरून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. काय झालं म्हणून विचारलं तर तिनं फाटकाकडे चाललेल्या चंद्रकलेकडे बोट दाखवलं.

"तुला लहान मिळाला का?"

"लहान नाही भेटला, बाई. माहा बराबर आहे. तिचा मोठा आहे."

डब्यात दोन-तीन लाडू उरले होते, त्यातला एक घे म्हटलं, तर नको म्हणाली. तिला जास्त नको होतं. चंद्रकलेला जास्त मिळू नये, एवढंच हवं होतं.

हेवा करणारी मुलं मी नोकरीत पुष्कळ पाहिली. बहुतेक जण तो लपवतात आणि मग तो दुसरीकडून बाहेर येतो, कुणाची पेन्सिल मोडून, कुणाची चुगली करून. सुचिता लपवत नसे. "मले तिचा राग येते, बाई, तिचं अक्षर चांगलं आहे," असं ती तोंडावर सांगायची आणि त्याच मुलीशेजारी जागा धरून अक्षर घोटत बसायची. वर्षाअखेरीस तिचं अक्षर खरंच सुधारलं. हेव्याचा असा सरळ उपयोग करणारी दुसरी मुलगी मला भेटली नाही, आणि त्यामुळेच असेल, ती मला आवडू लागली.

नववी-दहावीत तिचं अंग सुटलं. हनुवटीवर केस दिसू लागले, तेव्हापासून ती ओढणी गळ्याऐवजी हनुवटीवर घेऊन बसायची. पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने यायची नाही. तिच्या आईचा बांधा तसाच होता आणि हनुवटीही तशीच. आईचं म्हणणं, लग्न झालं की सगळं बराबर होते. सुचिता कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना ती बाई वारली. वय पन्नाशीच्या आतलं. शेतात कापूस वेचताना छातीत जळजळतं म्हणाली, पित्त झालं असेल म्हणून लिंबाचं पाणी घेतलं, आणि धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, टेकली ती उठलीच नाही. सगळ्यांनी ते उन्हावर आणि पित्तावर ढकललं.

पुढे सुचिताचं लग्न पांढुर्ण्याच्या भगवंतरावांच्या मोठ्या मुलाशी, भूपेंद्रशी झालं. तिगावकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचा संत्र्याचा बगीचा आहे आणि बगिच्याला लागूनच घर. निवृत्तीनंतर मीही पांढुर्ण्याला मुलीजवळ राहायला आले, आणि माझी ही जुनी विद्यार्थिनी दुपारची माझ्या ओट्यावर येऊन बसू लागली. बोलण्याचा विषय बहुतेक एकच असे, तिची जाऊ डिंपल.

डिंपल लोधीखेड्याची. धाकट्या गौतमची बायको. उंच, शेलाटी, हसरी. साडी नेसली की दुकानातल्या पुतळीसारखी दिसायची. तिलाही पाळीचा त्रास होता. देवकाबाईंनी, म्हणजे त्यांच्या सासूनं, दोघी सुनांना एकाच दिवशी नागपूरच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं. सोनोग्राफी झाली आणि दोघींना एकच नाव सांगितलं गेलं, पीसीओएस. आमच्याकडे सगळे पीसीओडी म्हणतात. त्या दिवशी गाडीत मले लय बरं वाटलं बाई, असं सुचितानं मला सांगितलं होतं. घरात नासकी मी एकटीच नोहो, असं तिला वाटलं.

ते बरं वाटणं फार टिकलं नाही. औषधं सुरू करून सहा-सात महिने होतात न होतात तोच डिंपलला दिवस गेले. मुलगी झाली. मग मुलगा झाला, मग तिचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालं, आणि घराच्या लेखी डिंपलची बिमारी संपली. सुचिताची चालूच राहिली. नागपूरच्या चकरा, इंजेक्शनं, मोहगावच्या महादेवाला सोमवार, कुणी सांगितलेली कडू पावडर. मूल राहिलं नाही.

देवकाबाई वाईट नाहीत. पण त्यांच्या हाती तुपाचा गडवा होता. पंगतीला तूप त्या स्वतः वाढतात, दुसऱ्या कुणाला गडव्याला हात लावू देत नाहीत. बाळंतिणीला तूप जास्त, ही जुनी रीत. डिंपलची बाळंतपणं आटोपून वर्षं झाली, पोरं शाळेत जाऊ लागली, तरी तिच्या पोळीवर दोन पळ्या पडतच राहिल्या. सुचिताच्या पोळीवर अर्धी पळी, कधी नुसतं पळीचं टोक टेकवलेलं. "तुले काय कमी आहे व माय, तू त हवा खाऊनही फुगते," असं त्या हसत म्हणायच्या आणि सगळे हसायचे. सुचिताही हसायची. मग माझ्याकडे येऊन कोणत्या सणाला डिंपलच्या पुरणपोळीवरून तूप कसं ओघळलं ते सांगायची. संक्रांतीचं तूप तिला पोळ्यापर्यंत आठवायचं.

"ते खाते अन् बारीक राहते, बाई. मी पाहते अन् फुगते."

डिंपलच्या पोरांवर मात्र तिचा जीव होता. पोरीच्या वेण्या, दोघांचे डबे, ताप आला की उशाशी बसणं, सगळं तीच करायची. डिंपल ते आनंदानं करू द्यायची आणि आरशासमोर उभी राहून जाऊबाई, माही ही क्लिप नीट बसली का, असं विचारायची. नीटच बसलेली असायची, आणि तेच सुचिताला सहन व्हायचं नाही.

दोनेक वर्षांपूर्वी बगिच्यात संत्र्याचा तोडा चालू असताना सुचिताला चढावर धाप लागू लागली. भूपेंद्र मालाच्या गाडीबरोबर नागपूरला गेला होता, म्हणून ती मला सोबत घेऊन डॉक्टर अर्चना यांच्याकडे गेली. त्या छिंदवाड्याहून आठवड्यातून एकदा पांढुर्ण्याला येतात. त्यांनी बीपी पाहिलं, कंबर मोजली, आई कशानं गेली ते विचारलं, मग पाळीचं विचारलं. सुचिताला वाटलं पुन्हा लेकराचीच गोष्ट निघणार. पण त्यांनी उपाशीपोटी रक्त द्यायला सांगितलं आणि साखरेसोबत रक्तातली चरबी तपासून घेतली.

आकडे आले तेव्हा त्यांनी सावकाश समजावलं. पीसीओएस ही नुसती बीजकोशाची गोष्ट नाही, म्हणाल्या. या बायकांच्या शरीरात इन्सुलिन नीट काम करत नाही, त्यामुळे रक्तातली चरबी, ट्रायग्लिसराइड, वाढते, चांगलं कोलेस्टेरॉल उतरतं आणि वाईट बरेचदा चढतं. वर्षानुवर्षं असं राहिलं तर हृदयाच्या नळ्यांना ते बाधतं. सगळ्यांनाच झटका येतो असं नाही, पण धोका इतरांपेक्षा जास्त, म्हणून मूल झालेलं असो वा नसो, रक्त तपासत राहायचं. सुचिताचं ट्रायग्लिसराइड दोनशे अडतीस होतं. दीडशेच्या आत हवं. वाईट कोलेस्टेरॉलही बरंच वर होतं.

मी तिच्या आईचा विचार करत होते. सुचितानं मात्र डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला तो असा की तिच्या जावेलाही हीच बिमारी आहे, पण ती काडीसारखी आहे, तर तिचं किती असेल? डॉक्टर म्हणाल्या, अंगावरून कळत नाही. बारीक बायकांचंही वाढलेलं निघतं. रक्त पाहावं लागेल.

बाहेर आल्यावर आम्ही रिक्षाची वाट पाहत होतो. सुचितानं रक्ताचा कागद घडी करून पिशवीत टाकला. मग म्हणाली, "बाई, तुमच्याशी खोटं नाही बोलत. तिचं माह्याहून खराब निघालं तं मले बरं वाटन."

डिंपलला तयार करायला तिला काहीच कष्ट पडले नाहीत. माझं इतकं आलं, तुझं किती येते पाहू, एवढंच ती म्हणाली. डिंपलला कुठल्याही स्पर्धेत आपण हरू असं वाटत नसे. मैत्रिणीच्या घरी हळदीकुंकवाला निघावं तशी ती नटून, स्कूटीवर मागे बसून रक्त द्यायला गेली.

तिचं ट्रायग्लिसराइड तीनशे बेचाळीस निघालं. वाईट कोलेस्टेरॉल सुचितापेक्षा जास्त, चांगलं तिच्याहून कमी, साखर काठावर.

त्या दुपारी सुचिता माझ्याकडे आली ती एखाद्या परीक्षेत पहिली आल्यासारखी. तिनं आकडे तोंडपाठ म्हणून दाखवले. मी चहा केला. चहा पिता पिता तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. डिंपलच्या वडिलांची बायपास झाल्याचं तिला आठवलं होतं. "पोरं लहान आहेत व बाई तिची," असं ती शेवटी म्हणाली आणि कप अर्धा ठेवून घरी गेली.

घरात कुणी विश्वास ठेवत नव्हतं. मशीन चुकली असेल, नळ्या बदलल्या असतील, जाडीचं बारकीला लागलं असेल, असं गौतम म्हणत होता. देवकाबाई म्हणाल्या, दोन लेकरं झालेल्या बाईला कायची पीसीओडी? तेव्हा भगवंतराव बोलले. ते फारसं बोलत नाहीत. बगिच्यातून आले की खाटेवर बसून रेडिओ ऐकतात.

"डिंक्या लागलेलं झाड पाह्यलं ना तुम्ही? मरायच्या आधीच्या साली लय फळते. फांद्या वाकतात. फळ पाहून झाडाची तब्येत नाही सांगता येत."

संत्र्याच्या घरातली माणसं ती. डिंक्या म्हणजे काय ते कुणाला समजावावं लागलं नाही. बुंध्यातून डिंक गळू लागतो, मुळं सडत असतात, आणि वर झाड फळांनी लगडलेलं असतं. भगवंतरावांनी ते चांगल्या मनानं सांगितलं होतं, पण डिंपल जेवता जेवता ताटावरून उठली आणि खोलीत जाऊन रडू लागली. देवकाबाईंनी नवऱ्याला असं काही सुनावलं की ते रेडिओ घेऊन बगिच्यात गेले. मात्र त्यानंतर मशीन चुकली असं कुणी म्हणालं नाही.

इथून सुचिताच्या जळफळाटाला नवं खाद्य मिळालं. तिचे आकडे आले तेव्हा घर म्हणालं होतं, जास्त खाते, आणि तिचं तूप बंद झालं होतं. डिंपलचे आले तेव्हा घर म्हणालं, बिचारी. सुचिता डॉक्टरकडे रिक्षानं गेली होती. डिंपलसाठी गौतमनं मित्राची कार आणली. देवकाबाईंनी डिंपलचं तूप बंद केलं ते डोळ्यांत पाणी आणून. "माहं बंद केलं तवा त कोणी रडलं नाही," सुचिता म्हणाली. "बिमारीतही तिचाच पहिला नंबर, बाई."

आणि कारमध्ये तिलाही घेतलं होतं म्हणून तिनं पुढचं स्वतःच्या कानांनी ऐकलं. डॉक्टरांनी डिंपलला गोड आणि मैदा कमी, रोज चालणं, असं सगळं सांगितलं आणि कोलेस्टेरॉलची गोळी लिहून दिली. सुचिताला चालणं आणि पथ्य तेवढंच मिळालं.

"तिले गोळी देली, मले काहून नाही?"

डॉक्टर म्हणाल्या, "तिचं ऑपरेशन झालंय. तुम्ही अजून बाळासाठी प्रयत्न करताय ना? या गोळीवर असताना दिवस राहायला नकोत. तुम्ही थांबायचं ठरवलं की मला सांगा. घाई नाही, ठरवायचं तुम्हीच."

हा प्रसंग सुचितानं मला तीनदा सांगितला, आणि प्रत्येक वेळी डॉक्टरांचे शब्द तेच होते. इतकी वर्षं तिनं डिंपलच्या पोरांचा हेवा केला, क्लिपांचा केला, तुपाचा केला. आता तिला एका गोळीचा हेवा करावा लागत होता, आणि ती गोळी मिळण्यासाठी आई होण्याची आशा सोडावी लागणार होती.

ती सहा महिने चालली. पहाटे तिगाव रस्त्यानं, डिंपलला उठवून, ओढत नेऊन. डिंपल कुरकुरायची, मी काय म्हातारी होय का म्हणायची, पण सुचिता पुढे गेली की तिला राहवत नसे आणि ती झपझप पाय टाकून तिला गाठायची. सुचिताला ते पक्कं ठाऊक होतं, म्हणून ती मुद्दाम पुढे चालायची. साखर तिनं सोडली, दुपारचा भात अर्ध्यावर आणला. सहा महिन्यांनी तिचं ट्रायग्लिसराइड बरंच उतरलं, वाईट कोलेस्टेरॉल मात्र जिथल्या तिथे होतं. डिंपलचं दोन्ही उतरलं. गोळीनं उतरलं.

भूपेंद्रनं तिला कधी जबरदस्ती केली नाही. तो अबोल, वडिलांच्या वळणाचा. तिनं त्याला सरळ विचारलं तेव्हा तो म्हणाला, "लेकरू नसलं तं चालते. तू नसली तं मले सकाळी चहा कोण देईन?" सुचिता माझ्याकडे येऊन संतापानं हे सांगत होती. चहासाठी जिवंत ठेवून राहिला मले, म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं की मी हसते आहे, आणि तीही हसली, आणि हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला. तिच्या मांडीवर लोकरीचा एक लहान मोजा होता, डिंपलच्या मुलाचा, ती त्याचा सुटलेला टाका घालत होती.

गोळीला हो म्हणायला तिला आणखी काही आठवडे लागले. सगळी कारणं तिच्यापुढे होती. आई धुऱ्यावर गेली ते कारण होतं, धाप होती, डॉक्टरांचं बोलणं होतं. त्यांपैकी कशानंही ती हलली नाही. हलली ती एका तेरवीमुळे. त्यांच्या नात्यातले नत्थूजी म्हणून एक म्हातारे वारले, त्यांच्या तेराव्या दिवसाच्या पंगतीत डिंपल वाढायला होती. पदर खोचून, ताठ, हसऱ्या चेहऱ्यानं ती ओळीनं वाढत गेली आणि म्हाताऱ्या बायका तिच्याकडे कौतुकानं पाहत होत्या. सुचिता जेवायला बसली होती. दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली आणि ओट्यावर न बसता उभ्यानंच बोलली.

"बाई, ते गोळी घेऊन राहिली, मी नाही घेऊन राहिली. म्हणजे मी आधी जाईन. माही तेरवी होईन अन् हेच वाढन. अन् सारे म्हणतीन, किती चांगली जाऊ होती. मले नाही पाहवत ते."

"तुला तेव्हा दिसणार नाही," मी म्हटलं.

"मले आताच दिसून राहिलं ना."

एखादी बाई मुलांसाठी जगायचं ठरवते, एखादी नवऱ्यासाठी. सुचितानं जावेनं आपल्या तेरवीला वाढू नये म्हणून जगायचं ठरवलं. कारण काहीही असो, त्याच आठवड्यात ती भूपेंद्रला घेऊन डॉक्टरांकडे गेली आणि आम्ही आता थांबलो, असं म्हणाली. एवढंच वाक्य. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, नक्की ना. तिनं मान हलवली. घरी येऊन तिनं ते सासूलाही स्वतःच सांगितलं, स्वयंपाकघरात, दोघी भाकरी थापत असताना. देवकाबाईंचा हात थांबला. मग त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली, ती करपली होती, आणि "बरं" म्हणाल्या. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. सुचिता जेवली. तेही तिनं मला जरा अभिमानानं सांगितलं.

नागपूरची जुनी कागदपत्रं आणि सोनोग्राफीचे फोटो तिनं फेकले नाहीत, पेटीत ठेवून दिले. डिंपल त्या दिवसांत तिच्याशी फार जपून वागू लागली, पोरांना मोठ्या आईला त्रास देऊ नका म्हणू लागली. त्यावर सुचिता भडकली. तुही दया नको मले, पोरं इकडे पाठव, असं तिनं अंगणातून ओरडून सांगितलं, आणि पोरं आली.

हेवा गेला असं मी म्हणणार नाही. दोघी एकाच सकाळी रक्त द्यायला जातात आणि सुचिता आधी डिंपलचे आकडे विचारते, मग आपले. मागच्या वेळी डिंपलचे तिच्यापेक्षा चांगले आले, तेव्हा ती दोन दिवस माझ्याकडे फिरकली नाही.

सुचिता आता अडतीस वर्षांची आहे. रोज रात्री जेवण झालं की ती कोलेस्टेरॉलची गोळी घेते, आणि दिवस राहू नयेत म्हणून ती आणि भूपेंद्र काळजी घेतात.